सात नंबरची जागा

खिशावरच्या नक्षीतल्या शिंगाचं तोंड भरून झालं, नळी अर्ध्यावर आली आणि भरतकामाच्या मशीनची सुई वर जाऊन थांबली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली: संपर्क तुटला. धाकटीने कोटाचा खिसा उचलून पाहिला. वाद्यवृंदाचे कोट उद्या सकाळी जायचे होते, आणि अर्ध्या शिंगातून कुणी काय वाजवणार?

"घ्या! पुन्हा पळाला!" शेजारच्या खोलीतून सासरे ओरडले. "जरा कोंडीत सापडला की पळतो लेकाचा."

सासरे टॅबलेटवर कुणा अनोळखी माणसाशी बुद्धिबळ खेळत आणि हरणं त्यांना मान्य नसल्यामुळे दर वेळी समोरचाच पळून जात असे. त्यांच्याकडे कुणी फारसं लक्ष देत नसे.

थोरल्या जावेने कापडावरची नजर हलवली नाही. "संध्याकाळी कंपनीचा माणूस येतोय. देऊन टाकू परत. हाताने भरायला बसलो असतो तर एव्हाना निम्मं झालं असतं."

मशीन आलं होतं ते धाकटीच्या हट्टाने. वापरून बघा, नाही पटलं तर परत करा, अशा बोलीवर. आणि त्या बोलीची मुदत आज संपत होती. मशीन परत गेलं असतं तर यापुढे या शिवणघरात दोऱ्याचा रंग सुचवायचीही सोय तिला उरली नसती.

शिवणघर थोरलीचं होतं आणि तिथे सगळं नंबरावर चाले. सहा बायका, सहा जागा. प्रत्येकीचा नंबर तिच्या कात्रीवर, बॉबिनच्या डबीवर, चहाच्या कपावरसुद्धा पांढऱ्या रंगाने रंगवलेला. मशीन आलं तेव्हा त्याला सातवी जागा मिळाली. धाकटीला नंबर नव्हता. घरचीच ती, तिला कशाला हवा? जी आली नसेल तिच्या जागेवर धाकटीने बसायचं, जी मोकळी असेल ती कात्री मागून घ्यायची, आणि मालकीण आली की उठायचं.

तिने मशीन पुन्हा सुरू केलं. सुई धावू लागली. थोड्या वेळाने सासऱ्यांनी नवा डाव मांडला आणि "पळाला!" म्हणून आरोळी ठोकली. त्याच क्षणी सुई थांबली.

धाकटीने आधी मशीनकडे पाहिलं, मग दाराकडे. ती उठून सासऱ्यांच्या खोलीत गेली.

"बाबा, जरा टॅबलेट बंद करता?"

"वा! जिंकत आलोय मी."

"तुम्ही नेहमीच जिंकत आलेले असता. जरा वेळच."

टॅबलेट बंद होताच मशीन कुरकुर न करता चालू लागलं. एक शिंग पूर्ण झालं, दुसरं झालं. बायका मान लांब करून बघू लागल्या. धाकटीने टॅबलेट मागून आणला, पुन्हा सुरू केला, त्याच्या सेटिंगमध्ये शिरली आणि एकदम हसली. चार आकडे, मध्ये टिंबं, शेवटचा आकडा सात. मशीनच्या पडद्यावर तेच चार आकडे, शेवटी सात.

"एकाच पत्त्यावर दोघं राहतायत!" ती म्हणाली.

"कोण दोघं?" सासरे दारात येऊन उभे राहिले.

धाकटीने काजेवाल्या मावशींना हाक मारली. त्यांची जागा चौथी. शेजारच्या पाचवीला ती म्हणाली, "तुम्हीही आता चार नंबर बरं का." मग खोलीच्या टोकाला जाऊन एक खिसा उंच धरला. "चार नंबर, हा घ्या!"

दोघी एकदम धावल्या. खिशाचं एक टोक मावशींच्या हातात, दुसरं पाचवीच्या. दोघीही सोडेनात. खोलीत हशा पिकला.

"असंच झालंय. कॉम्प्युटर नक्षी पाठवतो ती नंबर बघून. पहिले तीन आकडे आपल्या घरातल्या सगळ्या यंत्रांचे सारखेच, शेवटचा तेवढा ज्याचा त्याचा. तो दोघांचा एक झाला की नक्षी कधी मशीनकडे, कधी टॅबलेटकडे. आणि बाबांच्या खेळ्या तशाच भलतीकडे."

"म्हणजे तो पळत नव्हता?" सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"त्याला वाटत असेल, तुम्हीच पळता."

"पण मला सात नंबर दिला कुणी?"

"राउटरने. जो येईल त्याला तो रिकामा नंबर देतो, तोही उसना. उद्या दुसराही देईल."

"म्हणजे स्वतःच्या घरात मी भाडेकरू!"

"आणि मशीनला कुणी दिला?" काजेवाल्या मावशींनी विचारलं.

बायकांनी आपापल्या शिवणीत डोकी घातली. मशीन बसवायला आलेला माणूस म्हणाला होता, नंबर राउटरच देईल. थोरलीने त्याला ठणकावलं होतं, आमच्याकडे ठरलेला नंबर असतो, सात घाला. हे सगळ्यांच्या समोरच झालं होतं. थोरलीची कात्री कापडात अडकल्यासारखी थांबली.

"ठरलेला नंबर दिला ते बरंच झालं," धाकटी म्हणाली. "फक्त सात आता कुणाला देऊ नकोस, हे राउटरला सांगायला हवं होतं. ते माझं काम. राहून गेलं."

तिने कॉम्प्युटरवर राउटरचं पान उघडलं आणि सात हा नंबर मशीनच्या नावाने राखून ठेवला. टॅबलेट जोडला तेव्हा त्याला तेवीस मिळाला. सासरे डाव मांडून बसले, सुई धावू लागली. दोन्ही एकाच वेळी! शिंगांमागून शिंगं सोन्याने भरत गेली. संध्याकाळी शेवटचा खिसा उतरला तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि पलीकडून सासरे गर्जले, "मात! न पळता हरला!" धाकटीला मोठ्याने गावंसं वाटलं, इतका आनंद तिला झाला होता.

कंपनीचा माणूस ढकलगाडी घेऊन आला. दारात थोरली उभी.

"मशीन न्यायला आलोय. तुम्हीच बोलावलंत."

"त्याला सवड नाही," थोरली म्हणाली. तो रिकामी गाडी ढकलत परत गेला.

उरलेले दोरे कापायचे होते. धाकटीने सवयीने विचारलं, "वहिनी, कुणाची कात्री घेऊ?"

थोरलीने फडक्यात गुंडाळलेली एक कोरी कात्री तिच्यापुढे ठेवली. मुठीवर आठचा आकडा होता.

"जपून धर," ती म्हणाली. "रंग ओला आहे."