बोटं दिसता कामा नयेत

सत्तावन्न साली मी सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. मुक्याबहिऱ्या मुलांना कसं शिकवायचं याचं वर्षभराचं शिक्षण मुंबईला राहून घेतलेली अख्ख्या खानदेशात मी एकटीच, अशी माझी समजूत होती. ती खरी असेल नसेल, पण धुळ्याला आमच्या घरी कुणी ती खोडून काढली नाही आणि जळगावला वर्ग उघडायचं ठरल्यावर मी ती पेटीत घालूनच बरोबर आणली.

वर्ग म्हणजे एक खोली. फुलचंदशेठ कापडवाल्यांच्या गोदामामागची. शेठजींचा नातू रतिलाल जन्मापासून बहिरा, म्हणून त्यांनी ती देऊ केली होती. अकरा मुलं, दोन सतरंज्या, एक फळा, एक मोठा आरसा आणि मी. मुलांनी माझे ओठ पाहायचे, आरशात आपले पाहायचे, माझ्या गळ्याला हात लावून आवाजाची थरथर ओळखायची आणि मग तोंड उघडून बोलायचं, अशी ती पद्धत. बहिऱ्या मुलाला ऐकू येत नाही, पण गळा शाबूत असतो. त्याला बोलतं करायचं तर एक पथ्य मात्र कडक, असं आम्हाला मुंबईला बजावलं होतं. खुणा बंद. हातांनी काम भागलं तर मूल जिभेला त्रास कशाला देईल?

मला हे सोळा आणे पटलं होतं. पहिल्याच दिवशी पालकांना समोर बसवून मी सुनावलं, "वर्गात तर नाहीच, पण घरातसुद्धा खुणा करायच्या नाहीत. बोटं दिसता कामा नयेत!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या काळी शाळेतल्या बाईंनी सांगितलं की त्यावर अपील नसे. फक्त मागच्या भिंतीला टेकून बसलेला एक उंच, लाल फेट्याचा माणूस सावकाश म्हणाला, "दिसाले नको, इतलंच ना बाई?"

"हो, इतकंच," मी तोऱ्यात म्हणाले.

तो निंबा. अमळनेरकडचा गुरांचा दलाल, आता बिऱ्हाड जळगावात. त्याची मुलगी द्वारका नऊ वर्षांची होती आणि वर्गातली सगळ्यात बडबडी होती. आता बहिरी मुलगी बडबडी कशी, असं विचाराल तर तुम्ही तिचे हात पाहिले नाहीत. शेजारणीची म्हैस कशी पळाली, बापाचा फेटा झाडात कसा अडकला, मास्तरांची पोटं कशी सुटतात, हे सगळं ती दहा बोटांत सांगायची आणि वर स्वतःच हसायची. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि दोन्ही हात पाठीमागे घ्यायला लावले.

तीन आठवड्यांत द्वारका अगदी शांत झाली. हलेना, हसेना, वळून कुणाकडे बघेना. मला वाटलं, शिस्त लागली. असं वाटून मी त्या दिवशी स्वतःसाठी पावशेर जिलबी आणली होती, हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

चौथ्या आठवड्यात गंमत झाली. मुलं हातात मोठाले पांढरे रुमाल घेऊन यायला लागली. आधी द्वारका आणि रतिलाल, मग लोटन, मग बाकीची. शेजारच्या दर दोघांच्या मांडीवर मधोमध एक रुमाल पसरून, हात त्याखाली झाकून पोरं शहाण्यासारखी बसायची. मी रोजनिशीत लिहिलं, "मुलांना स्वच्छतेची गोडी लागली." आणि अभ्यासाचं तर काय सांगू! काल ज्या लोटनला तीन आणि दोन कळत नव्हते, तो आज पाटीवर धडाधड उत्तरं लिहू लागला. मी ओठ हलवून "खिडकी" म्हणावं, तर अकराच्या अकरा माना खिडकीकडे. मुलांचे चेहरेही उजळले होते. माझी पद्धत फळाला आली होती! मी मुंबईला चार पानी पत्र धाडलं आणि त्यात "मी" हा शब्द फार वेळा आला.

मग एका गुरुवारी मी फळ्यावर सतरातून नऊ वजा करायला दिले आणि अकरा पाट्यांवर सात आले.

एक मूल चुकेल, चार चुकतील. पण अकरा मुलं एकच चूक करत नाहीत. मी तरातरा गेले आणि द्वारकाच्या मांडीवरचा रुमाल ओढला. खाली तिची बोटं रतिलालच्या बोटांत होती. दाबत होती, सोडत होती, तळव्यावर रेघा ओढत होती. पुढचा ओढला, तिथंही तेच. सगळ्या वर्गात रुमालाखाली बाजार भरला होता.

माझा राग नाकावरच असतो. डबा तसाच ठेवला, मुलांना बसवून ठेवलं आणि गोदामातल्या हमालाला पाठवून दुपारीच पालक गोळा केले. सगळे जमल्यावर एक रुमाल नाचवत मी विचारलं, "हा चावटपणा कुणाचा?"

निंबा उठून उभा राहिला. "बाई, तुम्हीच सांगं व्हतं, बोटं दिसाले नको. मंग दिसनं का एक तरी बोट?"

मी हातातला रुमाल उलटासुलटा करून पाहिला.

"आम्हना धंदाच बोटेसना शे," तो अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला. आणि ते खरंच होतं. गुरांच्या बाजारात बैलाचा सौदा करताना दोन दलाल उपरण्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून बोलतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. बाईंनी बोटं दिसायला नको म्हटलं, तर या गृहस्थाने लेकीला धंद्याची भाषा शिकवली होती. लेकीने त्या भाषेत म्हैस, फेटा आणि मास्तरांची पोटं घातली होती आणि मग वर्गभर वाटली होती.

"रुमाल आमच्या दुकानातले आहेत," डोक्यावरचा पदर सावरत रतिलालची आई चंद्रकांता म्हणाली. शेठजींची ही सून एरवी तोंडातून शब्द काढत नसे. "कापडाच्या ठाणातून मीच फाडून दिले. काय करू बाई? हात बंद केल्यापासून रतिलाल माझ्याकडे बघतच नव्हता."

म्हणजे कटच होता. मी म्हणाले, "ज्यांना नियम पाळायचे नसतील त्यांनी मूल घरी न्यावं. आठ दिवसांवर तपासणी आलीय. साहेबांनी हे पाहिलं तर वर्गाला मान्यता मिळेल का? मान्यता नाही तर वर्ग नाही!"

तेव्हा द्वारकाची आई बेबाबाई बोलली. ती सगळ्यांच्या मागे, दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली होती. मला वाटलं होतं, तिला थंडी वाजत असेल.

"बाई, मी तुम्हनं बठ्ठं ऐकं," ती म्हणाली. "हात पदरमा बांधी ठेवात. मांगे हिना कान दुखाले लागना. हाई रडे आनि मले हातवर इचारे, दुखनं कव्हय थांबी? मी नुसती बशी राह्यनी. मंग हिनी इचारनंच सोडी दिधं. हिले वाटनं, माय रागे भरनी."

निंबा फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाला, "म्हनीसन मी उपरनं काढं."

बापलेकीचं त्यामुळे भागलं. पण दलालांची ती भाषा बेबाबाईला येत नव्हती. बायका काही गुरांच्या सौद्याला बसत नाहीत. तिच्याजवळ होत्या त्या घरातल्या साध्या खुणा आणि त्या मी बंद केल्या होत्या. दीड महिना होऊन गेला, ती लेकीशी एक अक्षर बोलली नव्हती. निंबा सांगेल तेवढं सांगेल, पण तो आठवड्यातले चार दिवस बाजारोबाजारी फिरतीवर.

"मी हात सोडू का बाई?" तिने विचारलं. "का मन्हामुये हिना आवाज ऱ्हाई जाई?"

आपल्यामुळे लेक बोलायची राहील का, याचं उत्तर मुंबईच्या वह्यांत नव्हतं. मी खुर्चीत बसले. तेवढ्यात द्वारका उठून माझ्याजवळ आली, तिने तो रुमाल माझ्या हातावर टाकला आणि खाली हात घालून माझी बोटं दोनतीनदा दाबली. मला काडीचं कळलं नाही. मी निंबाकडे बघितलं.

"ती इचारस, बाईनी जेवन करं का?"

सगळे हसले आणि मीही हसले, कारण डबा खरंच तसाच पडला होता. पण माझा हट्ट काही एका रुमालात विरघळणारा नव्हता. मी म्हणाले, तपासणी होऊन जाऊ द्या, मग पाहू. तोवर रुमाल घरी, हात मागे. चंद्रकांताने अट घातली की त्या दिवशी आईबापही वर्गात बसतील. मी कबूल झाले. बेबाबाईने पदर आणखी घट्ट केला.

तपासणीचे साहेब भले गृहस्थ होते. गोल चष्मा, जाड वही आणि खुर्चीत बसल्यावर सुस्कारा. मुलं हात मागे बांधून ताठ बसली होती, पालक भिंतीला ओळीने होते. रतिलालने "पाणी" म्हणून दाखवलं. लोटनने "बाबा" म्हटलं. मग द्वारका उभी राहिली, आरशात पाहून तिने ओठ जमवले आणि जाड, घोगऱ्या, पण स्पष्ट आवाजात म्हणाली, "आई."

भिंतीपाशी बेबाबाईने श्वास आत ओढला. तिने लेकीचा शब्द असा पहिल्यांदाच ऐकला होता.

"वा!" साहेब खूश झाले. "आता विचारा तिला, आई कुठे आहे?"

मी ओठ सावकाश हलवून विचारलं. द्वारकाला प्रश्न बरोबर कळला. ती वळली, आईच्या समोरून चार पावलं चालत गेली आणि भिंतीवरच्या छापील चित्रावर तिने बोट ठेवलं. चित्रात गोरीपान बाई पेल्यात दूध ओतत होती आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आई' असं लिहिलं होतं. दोन महिने मी तिला हेच चित्र दाखवून तो शब्द घोकून घेतला होता. 'आई' म्हणजे तुझी कोण, हे सांगायला माझ्याकडे ओठांशिवाय काही नव्हतं आणि ज्यांच्याकडे होतं त्यांचे हात मीच बांधले होते.

"अगदी बरोबर!" साहेब म्हणाले आणि वहीत लिहू लागले.

मी गप्प राहिले असते तर मान्यता हातात होती. साहेबांच्या दृष्टीने सगळं सुरळीत पार पडलं होतं. मी बेबाबाईकडे पाहिलं. तिला चित्र दिसलं होतं, लेकीचं बोट दिसलं होतं, आणि तरी ती हात पदरात गुंडाळून बसली होती, कारण बाईंनी सांगितलं होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"साहेब, ते बरोबर नाहीये," मी म्हणाले. "बेबाबाई, हात सोडा. तिला सांगा."

मान्यतेचं काय झालं ते इथेच सांगून टाकते, म्हणजे कुणाचा जीव टांगणीला राहायला नको. त्या वर्षी ती नाकारली गेली, पुढच्या वर्षी मिळाली. मधल्या काळात वर्ग पालकांनी चालवला. वेळापत्रक बेबाबाई आणि चंद्रकांतानेच ठरवलं. नवा शब्द आधी हातांनी समजवायचा, मग ओठांवर आणायचा. सोमवारी आयांनी वर्गात येऊन घरातल्या खुणा दाखवायच्या आणि त्या शिकायला सतरंजीवर बसायचं ते मी. मी त्या वर्गातली सगळ्यात ढ मुलगी होते, हे लोटनने मला चारदा तोंडावर सांगितलं. हातांनीच सांगितलं, पण सांगितलं.

पण त्या दिवशी यातलं काहीच माहीत नव्हतं. बेबाबाई साहेबांकडे बघत, चाचरत उठली. तिने पदर सोडला. ती लेकीजवळ गेली, चित्रावरच्या त्या अक्षरांवर तिने बोट टेकवलं, मग तेच बोट आपल्या छातीवर ठेवलं. मग नाकाशी नथीचा आकार केला, हातांचा पाळणा करून हलवला आणि पुन्हा छातीवर बोट ठेवलं.

द्वारकाने चित्राकडे पाहिलं. मग आईकडे. तिने आईच्या हातांना हात लावून बघितलं, अगदी पहिल्यांदाच बघत असल्यासारखं. साहेबांचं लिहिणं थांबलं होतं.

"आई," ती म्हणाली. या वेळी आरशात न बघता. आणि पुढचं तिने हातांनी विचारलं. चारच खुणा होत्या, पण ते पाहून बेबाबाईने पोरीला उराशी धरलं.

"काय म्हणाली ती?" साहेबांनी मला विचारलं. मला तेव्हा कळत नव्हतं. निंबाला कळत होतं, पण त्याने तोंड फेट्याच्या शेमल्यात लपवलं होतं. शेवटी चंद्रकांताने सांगितलं; तिच्याही घरच्या खुणा अशाच होत्या.

"विचारतेय, आई, तुझा राग गेला का."