जाळ्याचा वाटा

मिठबावजवळच्या वाडीतल्या शाळेची एका मोठ्या परीक्षेसाठी चिठ्ठी निघाली तेव्हा सुशीलाबाईंना आकाश ठेंगणं झालं. रत्नागिरीहून एक साहेब छापील पेपर घेऊन येणार होते. तोच पेपर देशभरातल्या निवडक शाळांत आणि भाषांतर करून परदेशातही सोडवला जाणार होता. मग कुठली मुलं किती पाण्यात ते सगळ्या जगाला कळणार.

बाई मूळच्या मसुऱ्याच्या, शिक्षकांच्या घरातल्या. या किनाऱ्यावर बदली झाली तेव्हा काका म्हणाले होते, मासेवाल्यांची पोरं काय शिकणार, नुसते दगड! तो शब्द बाईंना अजून खुपत होता. आता काकांना परस्पर उत्तर मिळणार होतं.

पेपर झाला. साहेब गोळा करता करता चाळू लागले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. प्रश्न सोपा होता. चार जणांनी मिळून ऐंशी मासे पकडले, सारखे वाटले तर प्रत्येकाला किती? साऱ्या वर्गाने लिहिलं होतं, सोळा.

"एकाचं चुकेल, दोघांचं चुकेल. सगळ्यांचं एकसारखं कसं चुकतं?" साहेब म्हणाले. "बाई, हे उत्तर तुम्ही सांगितलंत. या शाळेचे पेपर मला रद्द करावे लागतील."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लबाडीचा आळ तर आलाच, वर भागाकार येत नसल्याचाही. त्यांनी पहिल्या बाकावरच्या हिराला उभं केलं. हिराची आई चंद्रावती बाजारात मासे विकायची आणि हिशेबात कुणाला हार जायची नाही.

"हिरा, सोळा कसे गो आले?"

"चार गड्यांचे चार वाटे नि जाळ्याचो एक," हिरा म्हणाली. "पाच झाले मां, बाई?"

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रापण, म्हणजे मोठं जाळं, किनाऱ्यावर ओढली की मासळीत माणसांइतकाच जाळ्याचाही वाटा निघतो, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी कळतं.

"साहेब, मासे सोडा," त्या म्हणाल्या. "त्यांना काजू वाटायला सांगा."

साहेबांनी चौघांत ऐंशी काजूबिया वाटायला सांगितल्या. "वीस," अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

साहेबांना हसू आवरेना. "पेपर पाठवतो, बाई. माझा शब्द मागे घेतो. पण सोळा चूकच धरणार. परदेशातल्या तपासनिसाला तुमचं जाळं कुठे दिसायला? पुढच्या खेपेपर्यंत पोरांना ते विसरायला शिकवा."

एका गुणावर पाणी सोडावं लागलं, पण पोरं जगाच्या मोजणीत राहिली. बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी साहेबांना दोन शहाळी जास्तच पाजली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच गणित फळ्यावर लिहिलं आणि बजावलं, परीक्षेत जाळं धरायचं नाही.

"मगे जाळा फाटला तर शिवतलो कोण?" हिराने विचारलं.

बाईंनी तोड काढली. "परीक्षेपुरतं जाळं उसनं आणलंय असं समज."

हिराने बोटांवर हिशेब केला आणि मान हलवली. "उसन्या जाळ्याक दोन वाटे पडतत, बाई."

बाईंनी फळा पुसला आणि मनातल्या मनात काकांना म्हणाल्या, या एकदा, माझे दगड बघायला.