गोपनीयतेचा फॉर्म

गिरगावातल्या त्या हॉलबाहेर सकाळी आठलाच रांग लागली होती. प्रत्येकाच्या काखेत हॉस्पिटलचं मोठं पाकीट, तोंड डिंकाने चिकटवलेलं. ते उघडायचं नाही, हीच तर जादू! स्टेजवर प्रज्ञास्वामी नावाचा गृहस्थ पाकीट काळ्या पेटीवर ठेवी, पेटीत निळा दिवा लागे आणि पडद्यावर रोग्याचा आजार उमटे.

"माताजी, हे खासगी एआय! तुमचा स्कॅन मी बघत नाही, यंत्रही बघत नाही. न बघता कॅन्सर ओळखतं आणि बारा बैठकांत लहरींनी विरघळवतं!"

निवृत्त हेडक्लार्क, शाळामास्तर, बँकेतल्या बाया, सगळे टाळ्या वाजवत होते. शिकलेल्यांचा बावळटपणा बघायचा तर आमच्या गिरगावात यावं. मी इथलाच आहे, म्हणून बोलतो.

माझी धाकटी बहीण कालिंदी त्याच रांगेतून गेलेली. तिच्या डाव्या स्तनात गाठ होती, हॉस्पिटलने बायोप्सीची तारीख दिली होती. पडद्यावर 'डावा स्तन, दोन सेंटीमीटर, विरघळते आहे' असं आलं आणि आमच्या बाईसाहेबांनी तारीख रद्द केली! या गोष्टीला अकरा दिवस झाले होते. माझी झोप उडाली होती.

"अरे अण्णा, पाकीट न उघडता त्याला सगळं बरोबर कळलं!" ती मला सांगत राही.

तिची मुलगी वैदेही परळच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहे. ती म्हणाली, "आई, आमच्याकडेही स्कॅनवरून आजार ओळखायला एक यंत्र शिकतंय. स्कॅन हॉस्पिटलबाहेर जात नाहीत. यंत्रच तिथे येऊन शिकतं, फक्त शिकलेलं बाहेर नेतं. तुझं नावगाव त्याला कळत नाही, पण स्कॅन बघावाच लागतो! आणि तरीही डॉक्टर तपासतातच. बरं, पाकीट देण्याआधी तू काय केलंस?"

"काही नाही गं. गोपनीयतेचा फॉर्म भरला."

"त्यात काय होतं?"

"कोणती माहिती गुप्त ठेवायची, ते लिहायचं. मी रिपोर्टमधलं सगळं उतरवलं. सुवाच्य अक्षरात."

मी कपाळावर हात मारला. तीस वर्षं कचेरीत काढलेल्या बाईसमोर फॉर्म ठेवला, की ती एक रकाना रिकामा सोडत नाही. भामटा आम्हाला बरोबर ओळखून होता.

रविवारी आम्ही तिघं गेलो. मी फॉर्मवर लिहिलं: उजवं फुप्फुस, तीन सेंटीमीटरची गाठ. पाकिटात घातला माझ्याच पावलाचा जुना एक्स-रे. टेबलावरच्या बाईने फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढला. "रेकॉर्डसाठी हं, काका."

निळा दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली: 'उजवं फुप्फुस, तीन सेंटीमीटर, विरघळते आहे.'

वैदेही तडक स्टेजवर चढली, पाकीट फाडलं आणि फिल्म दिव्यासमोर धरली. "हे फुप्फुस? मग याला पाच बोटं कशी?"

"नकारात्मक ऊर्जा..." स्वामी चाचरला. तोवर कुणीतरी पेटी उघडली. आत एक बल्ब आणि चार सेल! पडद्यामागे एक इसम मोबाइलमधला फोटो बघून टाइप करत बसलेला सापडला.

हॉलमध्ये एक हेडक्लार्क हळूच म्हणाले, "मग आमचे फॉर्म परत मिळतील का?" आपली सगळी गुपितं त्या मोबाइलमध्ये आहेत, हे त्यांना आता उमगलं होतं.

सोमवारी वैदेहीच्या हॉस्पिटलात कालिंदीची बायोप्सी झाली. गाठ कॅन्सरचीच निघाली. "वेळेत आलात, पण यापुढे एक दिवसही घालवू नका," डॉक्टरांनी सुनावलं. मग तिच्यापुढे एक फॉर्म आला: नाव वगळून तुमचा स्कॅन यंत्राला शिकवायला वापरू का? तिने तो दोनदा वाचला.

"यंत्र स्कॅन बघणार ना?"

"बघणार तर! फक्त नाव बघणार नाही," वैदेही म्हणाली.

"मग ठीक आहे," म्हणत तिने सही केली.

वाचकहो, बंद पाकिटातलं सांगणारा भेटला तर हात जोडण्याआधी विचारा, तुला हे कुणी सांगितलं? बहुतेक वेळा आपणच सांगितलेलं असतं.