अक्काच्या अंगठीचं सोनं

अक्का गेली त्याला आठ महिने झाले होते, आणि दाक्षायणीचा साखरपुडा अक्काच्याच नवऱ्याशी ठरला होता. ठरला म्हणजे अव्वानं, दोघी बहिणींच्या आईनं, ठरवला. दाक्षायणी तेव्हा अक्काच्या तान्ह्या लेकीची दुपटी वाळत घालत होती.

"परक्या बाईच्या हातात लेकरू द्यायचं का?" अव्वा म्हणाली.

दाक्षायणी "बरं" म्हणाली आणि उरलेली दुपटी झटकून दोरीवर टाकली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. ट्रेनिंग कॉलेजातून नाव काढलं तेव्हाही नाही.

सोमवारी दोघी पोतदार सराफांच्या पेढीवर गेल्या. दाजी, म्हणजे गुरुसिद्धप्पा, बार्शीहून सकाळच्या एसटीनं येऊन गादीच्या कडेला बसले होते. धान्याच्या अडतीवर दिवसभर बोलणारा माणूस, पण हल्ली विचारल्याशिवाय तोंड उघडत नसे.

अव्वानं रुमालाची गाठ सोडली. आत अक्काची अंगठी.

"हीच आटवून नवी करा. सोनं घरचंच हाय."

पोतदारांनी ती कसोटीवर घासली. काळ्या दगडावर पिवळी रेघ उमटली. "चोख आहे. बोट द्या ताई, माप घेतो."

दाक्षायणीनं हात पुढे केला. पोतदार एकेक कडी चढवून, काढून बघत होते. ती त्या रेघेकडे बघत राहिली. दवाखान्यात जायच्या सकाळी अक्काची बोटं सुजली होती. साबण लावून, पिळून पिळून ती अंगठी दाक्षायणीनंच काढली होती. अक्का कळवळली होती, मग हसलीही होती.

"तुला कशाची पायजे?" दाजींनी अचानक विचारलं.

तिला काय हवं, हे इतक्या दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.

"चांदीची," ती म्हणाली.

"चांदी?" अव्वा उसळली. "साखरपुड्याला? पायात घालायची ती! लोकं काय म्हनतील?"

दाजींनी दगडाजवळची अंगठी उचलली, क्षणभर मुठीत धरली आणि अव्वाच्या रुमालावर ठेवली.

"चांदीचीच करा, पोतदार. ही पोरीला राहू दे. तिच्या आईची हाय."

बोलताना त्यांनी मान वर केली नाही. अव्वानं पदर डोळ्यांना लावला. आपल्याला बरं वाटायला हवं, असं दाक्षायणीच्या मनात आलं. तिला फक्त तहान लागली होती. पोतदारांनी मागवलेलं पाणी ती घटाघटा प्यायली.

साखरपुड्याला बायकांनी अंगठी बघितली आणि एकमेकींकडे बघितलं. ती थोडी सैलच झाली होती.

"दोरा गुंडाळून घे," दाजी हळूच म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली.

त्या दिवशी दोघं तेवढंच बोलले. आत पोर रडायला लागली, तशी दाक्षायणी पाटावरून उठली.