कारखान्याच्या दारातला सुविचार

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. भोसरीत पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक छोटा कारखाना आहे, त्याच्या दारालगतच्या भिंतीवर मी टांगलेला आहे. काळेवाडीतल्या एका सुताराने मला रंधा मारून, काळा रंग देऊन घडवले. तेव्हा वाटले होते, आपल्यावर पाढे येतील, समोर मुले बसतील. वाट्याला आले ते सुविचार!

ऑफिसातल्या विजयश्रीताई रोज सकाळी रंगीत खडूने माझ्यावर एक सुविचार लिहितात. हजारो वर्षांपूर्वीच्या ज्ञानी माणसांचे विचार त्या कुठून कुठून शोधून आणतात. राग कसा आवरावा, थोडक्यात समाधान कसे मानावे, असे बरेच काही माझ्या अंगावरून गेले आहे. कामगार थांबतात, वाचतात, "एक नंबर, राव!" म्हणतात आणि फोटो काढून स्टेटसला ठेवतात. मशीन दुरुस्त करणारे चांदभाई तर चष्मा पुसून पुन्हा वाचतात. त्या कौतुकाने मी पूर्वी फुलून जायचो. आता नाही फुलत.

माझ्या समोरच पत्रा दाबणारी प्रेस आहे. तिला एकमेकांपासून लांब अशी दोन बटणे आहेत. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. पण महिनाअखेरीस माल भरायची घाई झाली, की एका बटणात पुठ्ठ्याची घडी खुपसून ते दाबलेलेच ठेवायचे. मग एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण मारायचे. ही इथली जुनी खोड. आधी प्रेस चालवणाऱ्या कोंडीरामची बोटे त्यातच गेली. आता तो फाटकावर राखणीला बसतो. बोटे गेली त्या सकाळी माझ्यावर धीराचे महत्त्व लिहिले होते, आणि त्याचा फोटो सर्वांत आधी कोंडीरामनेच काढला होता. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही.

गेल्या महिनाअखेरीस प्रेसवर गेनू होता. चाकणजवळच्या शेतकरी घरातला, कामाला वाघ. विजयश्रीताई माझ्यावर लिहीत होत्या, एवढ्यात प्रेसचे ठोके भरभर पडू लागले. ते माझ्या खिळ्यापर्यंत पोचतात. मी लगेच ओळखले, पुठ्ठा बसला!

चांदभाईंनीही ओळखले. "गेनू, पुठ्ठा काढ भावा."

"काढतो की, चांदभाई. येवढी गाडी भरू द्या. डायवर भाईर कवाचा वरडतोय."

चांदभाई काहीतरी पुटपुटले आणि आपल्या कामाकडे वळले. गेनूचा हात आत जात होता, बाहेर येत होता, पुन्हा आत जात होता. मला ओरडायचे होते, पण फळ्याला कुठला आवाज! 'ज्याला कुठे थांबावे हे कळते' एवढे माझ्यावर लिहून झाले होते. इतके सुंदर अक्षर, आणि माझा नुसता जीव वरखाली होत होता.

ताईंनी मान वळवली. त्यांना गेनूचा हात दिसला. वाक्य तसेच अर्धे टाकून त्या धावल्या आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

"ताई! गाडी उभी हाय भाईर!" गेनू चिडला.

"राहू दे उभी." ताईंनी हात पुढे केला. "साहेबांना मी सांगते. आधी तो पुठ्ठा दे इकडे."

गेनूने पुठ्ठा काढून दिला. गडबड ऐकून कोंडीराम फाटकावरून आत आला होता. त्याने आपला बोटे गेलेला हात गेनूच्या खांद्यावर ठेवला. त्या हाताकडे बघून गेनूला रडू आले.

गाडी उशिरा गेली. ताईंना बोलणी बसली. अर्धे वाक्य दिवसभर तसेच राहिले आणि त्याचा फोटो कुणीच काढला नाही. तरीही सांगतो, त्या जुन्या ज्ञानी माणसांना तो दिवस फार आवडला असता.

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे, कडा झिजल्या आहेत. माझी काळजी नाही घेतलीत तरी चालेल. चांगले विचार जरूर वाचा, पण वाचून झाल्यावर शेजारच्या माणसाकडे एकदा बघा. हे बोलतो आहे खरा, पण माझे लक्ष थाऱ्यावर नाही. पलीकडच्या शेडमधली प्रेस मघापासून फार भरभर वाजते आहे. मला पाय नाहीत. तुमच्यापैकी कुणीतरी जा ना, लवकर!