रांगेतला शेवटचा

घरी त्याला सगळे भिंगरीच म्हणत, कारण पाय एका जागी ठरतील तर शपथ. पाठीवर सॅक, तोंडाचा पट्टा अखंड चालू, असा तो सकाळी गुहेशी पोचला, तेव्हा वाट दाखवणाऱ्या काकूंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. त्या दिवशी दुसरं कोणी आलंच नव्हतं.

"आत माझा नियम एकच," त्या म्हणाल्या. "मी पुढे चालणार. मी 'मागे?' म्हटलं की तू 'आलो' म्हणायचं. बाकी बडबड कितीही कर."

आत भिंतींवरून पाणी ओघळत होतं. एका वळणावर तळं लागलं. पाणी इतकं नितळ की हात घातला तर तळ लागेल असं वाटावं; पण ते खडकाखालून कुठवर जातं हे कोणालाच माहीत नव्हतं. काकू तिथे थांबल्या नाहीत. भिंगरी मात्र फोटो काढायला वाकला आणि रमला.

"मागे?" पुढून हाक आली.

ऐकली त्याने, पण फोटो जमत आला होता. म्हटलं, देऊ सावकाश ओ.

"आलो," त्याच्या पाठीशी कोणीतरी म्हणालं.

पुरुषाचा, जाडसर, दमलेला आवाज. पाठीशी तर नुसतं पाणी होतं. भिंगरीच्या अंगावर सर्रकन काटा आला आणि तो ठेचकाळत पुढे पळाला. काकू भिंतीला हात टेकून उभ्या होत्या.

"तूच बोललास ना?"

आता बोलणी बसणार, या भीतीने तो म्हणाला, "मीच की! दुसरं कोण असणार?"

गुहेबाहेर खडकातले डोह होते. एरवी त्याने धाडकन उडी टाकली असती. आज तो काठाकाठाने पोहला, पाय खाली न सोडता. काकू पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

"आमचे हे कायम शेवटी चालायचे," त्या आपणहून म्हणाल्या. "एक दिवस ओ आली नाही. तळ्याने ठेवूनच घेतलं त्यांना. तेव्हापासून रोज हाक मारते. उद्या गुहेला कायमचं कुलूप लागतंय. लेक खाली गाडी घेऊन थांबलीये, मला न्यायला. मी ठरवलं होतं, आज त्यांनी ओ दिली तर जायचं नाही. मघाशी काळजात लक्कन हललं बघ. बरं झालं, तू होतास. सुटले बाई."

गप्प राहिलो तर काकू लेकीकडे सुखाने जातील, भिंगरीने मनाची समजूत घातली. आयुष्यात पहिल्यांदा तो तोंड मिटून चालू लागला.

उतरणीवर काकू पुढे होत्या. आता हाक मारायचं कारण नव्हतं. पण भिंगरीच्या मागे ओली पावलं वाजत होती. तो थांबला की थांबत, निघाला की निघत. शेवटी त्याला राहवेना.

"काकू, आत बोललो तो मी नव्हतो."

त्या वळल्या. रडतील असं त्याला वाटलं होतं, पण त्यांचा चेहरा उजळला होता. त्याचा त्याला आणखीच धसका बसला.

"तू हो पुढे," त्या म्हणाल्या. "आज शेवटी मी चालते."

त्यांना अडवायला हवं होतं. पण भीतीने तो झपाझप उतरत सुटला. शेवटच्या वळणावर गाडी दिसली, तिच्याशी उभी लेक दिसली, तेव्हा कुठे त्याला धीर आला.

"मागे?" तो वर बघून ओरडला.

"आलो." तोच आवाज, पण आता दमलेला नव्हता. आणि मग काकूंचा, थेट वरून, गुहेच्या तोंडातून, लगबगीचा: "आले हो, आले!"

लेक हसत पुढे आली. एवढ्या लांबून तिला काही ऐकू आलं नव्हतं.

"आई मागेच आहे ना?" तिने विचारलं.