गणित आलं

ताईंच्या डोळ्यांना आराम असा नव्हताच. बावीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. रस्त्याने जाताना एखाद्या पाटीवर चुकीची वेलांटी दिसली की त्या थेट दुकानात शिरून सांगायच्या, आणि दुकानदार बिचारा गिऱ्हाईक आलं म्हणून हसत उभा राहिलेला असायचा. नोकरी सोडून त्यांनी वस्तीच्या हवेपाण्यासाठी संस्था काढली, तेव्हा छापखान्यातून दोनच गोष्टी सोबत आणल्या. एक लाल पेन, आणि मूळ प्रत कधीही फेकायची नाही ही सवय.

संस्था म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत कपाट आणि वस्तीचा नकाशा, दुसरीत एकाच वर्गातली तेरा-चौदा वर्षांची तेवीस पोरं आणि त्यांचा कलकलाट. या पोरांच्या शाळेच्या भिंतीला खेटूनच जुने टायर वितळवणारा कारखाना होता. मोठी माणसं म्हणायची, "होते हो सवय." हे ऐकलं की ताईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बंगल्यांच्या रांगेला खेटून भट्टी लावायची कोणाची टाप नव्हती. मग सवय करून घ्यायचा मक्ता काय आपल्याच पोरांनी घेतलाय?

पहिल्याच दिवशी त्यांनी पोरांच्या हाती एक जाडजूड वही ठेवली. "वास आला की लिहायचं. रकाने आखू नका, पुस्तकी भाषा नको. तुमच्या शब्दांत लिहा."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ताई स्वतः ते साफ विसरल्या.

पाच महिन्यांनी कारखान्याने दुसऱ्या भट्टीची परवानगी मागितली आणि जनसुनावणीची तारीख लागली. दुसरी भट्टी म्हणजे दुप्पट धूर. वर्गात आधीच चार पोरं दप्तरात दम्याचा पंप घेऊन यायची. ही भट्टी काहीही करून थांबवायचीच, असं ठरवून ताई वहीची पक्की प्रत काढायला घरी बसल्या. 'ओल्या पोत्याचा वास, संध्याकाळी.' छान. 'रबर जळल्याचा वास, सुट्टीत.' उत्तम. आणि मग आलं, 'आज गणित आलं. डोकं दुखलं.' पुढच्या पानावर, 'गणित आलं. दोघींना मळमळलं.' त्याच्या पुढे, 'गणित फार जोरात आलं. सगळे बाकावर डोकं ठेवून बसलो.'

आता अडचण अशी, की त्या शाळेत गणित शिकवत होते ते ताईंचे यजमानच. सर बाहेरच्या खोलीत पेपर तपासत बसले होते, आणि बारमाही सर्दीमुळे दर पाच मिनिटांनी नाक शिंकरत होते.

"तक्रार कारखान्याची करायची की माझ्या नवऱ्याची?" ताई पुटपुटल्या आणि लाल रेघ ओढली. मग दुसरी, मग तिसरी. अशा एकसष्ट ओळी गेल्या आणि नऊ उरल्या. पोरांनी अंमळ टंगळमंगळच केली म्हणायची. पण नऊ तर नऊ, एकही चूक नाही, याचं त्यांना समाधान वाटलं.

"अगं, एवढं काय खोडतेस?" सरांनी बाहेरून विचारलं.

"शुद्धलेखन," ताई म्हणाल्या.

सुनावणीच्या सकाळी सभागृह गच्च भरलं होतं. ताई इस्त्रीच्या साडीत, मान ताठ. तेवीस पोरं दोन रांगांत, सर सगळ्यात मागे रुमाल घेऊन. कारखान्याचे वकील उठले आणि ताईंची पक्की प्रत त्यांनी दोन बोटांत धरून हलवली. "साहेब, पाच महिन्यांत वास किती दिवस आला? नऊ. यांच्याच वहीत आहे. त्यातलाही एक ओल्या पोत्याचा. पोत्याला आम्ही काय करणार?"

लोक हसले. समोर बसलेल्या अधिकाऱ्यांनी 'नऊ' असं लिहून घेतलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "नऊच? आणि गणिताचे कुठे गेले?"

ही भिंगरी. वय चौदा. एका जागी पाच मिनिटं बसत नाही म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. वही तिच्याच ताब्यात असायची. तिने ताईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि ताईंना ते रागापेक्षा जास्त लागलं. गणिताचे. म्हणजे गणिताचे दिवस. एका क्षणात त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि लाजेने कान तापले.

गप्प बसता आलं असतं. पण ताई त्यातल्या नव्हत्या. त्या उठल्या, माइक हातात घेतला. "साहेब, चूक माझी आहे. पोरांनी एकसष्ट नोंदी केल्या होत्या, मी त्या खोडल्या. मला त्यांचा शब्दच कळला नव्हता. मूळ वही माझ्या पिशवीत आहे."

"साहेब, ही सरळसरळ फेरफार आहे!" वकील उसळले.

"फेरफार करणारा मूळ प्रत सोबत घेऊन येत नाही," ताई म्हणाल्या आणि वही टेबलावर ठेवली. "रेघा माझ्या. खालचं अक्षर पोरांचं, ते वाचता येतं. छापखान्यात खोडलेला शब्द परत हवा असला की त्याच्याखाली टिंबं देतात. म्हणजे 'राहू दे'. मी इथे सगळ्यांसमोर एकसष्ट ठिकाणी टिंबं देते. शब्दाचा अर्थ मात्र मी सांगणार नाही. ज्यांचा आहे ती पोरंच सांगतील." आणि त्यांनी माइक भिंगरीच्या हातात दिला.

वकिलांनी वहीत डोकावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "गणित आलं, डोकं दुखलं! साहेब, माझंही दुखायचं."

पुन्हा हशा. भिंगरी तो ओसरेपर्यंत थांबली.

"साहेब, सव्वाअकराला आमचा चौथा तास असतो. रोज तेव्हाच घाण वास यायचा. त्या तासाला गणित असायचं, म्हणून आम्ही वासाचंच नाव गणित ठेवलं. सहामाहीनंतर वेळापत्रक बदललं. आता चौथ्या तासाला चित्रकला असते. तरी गणित येतंच. एकसष्टातल्या शेवटच्या चौतीस नोंदी चित्रकलेच्या तासाच्या आहेत." ती वकिलांकडे वळली. "काका, चित्रकलेने कोणाला उलटी होते का?"

या वेळी हसू वकिलांच्या बाजूने आलं नाही. अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या भट्टीचं दार किती वाजता उघडतात?"

वकिलांनी कागद चाळले, शेजाऱ्याच्या कानात बोलले, पुन्हा कागद चाळले. "सव्वाअकराच्या... आसपास, साहेब."

"मी स्वतः येऊन बघतो," अधिकारी म्हणाले. "कधी, ते सांगणार नाही."

पायऱ्यांवर सर ताईंची वाट बघत उभे होते. "अगं, म्हणजे माझ्या तासाला पोरांना मळमळतं, असं तू धरून चालली होतीस?"

"अहो, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलंच." सरांनी नाक शिंकरलं. "मी खिडक्या उघडायला लावायचो गं. पोरं पेंगतात म्हणून. एकदाही विचारलं नाही त्यांना."

"मी तरी कुठे विचारलं?" ताई म्हणाल्या.

अधिकारी एका गुरुवारी आले आणि चित्रकलेच्या तासाला मागच्या बाकावर बसले. सव्वाअकरा वाजून गेले आणि वर्गातल्या पोरांनी हातातले ब्रश खाली ठेवले. अधिकाऱ्यांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. भिंगरी मागे वळून म्हणाली, "साहेब, आलं बघा."

तीन आठवड्यांनी संस्थेत आदेशाची प्रत आली. भिंगरीने ती टेबलावर उभं राहून मोठ्याने वाचली. दुसऱ्या भट्टीला परवानगी नाही. धूर गाळणारी यंत्रणा बसेपर्यंत पहिलीही बंद. पोरांनी असा काही दंगा केला की खालचा सायकलवाला हातात पाना घेऊन वर धावत आला.

दंगा ओसरल्यावर ताईंनी चष्मा लावून आदेश सावकाश वाचला. तिसऱ्या परिच्छेदात अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं, 'पाहणीच्या वेळी मला स्वतःला गणीत आले.'

गणीत. दुसरी वेलांटी! ताईंचा हात शिवशिवला. लाल पेनाचं टोपण निघालं. पोरं श्वास रोखून बघत होती.

ताईंनी त्या शब्दाखाली एकेक करून तीन टिंबं दिली.